पंपाची फाइल साफ करताना पाव मिलिमीटर कुठे गेला

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायचं कामच नसतं, त्यामुळे कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि मेशिंगला (पाण्याची जागा कॉम्प्युटरवर लाखो छोट्या सेलमध्ये कापायला) बसायचं, असं माझं दोन उन्हाळे चाललंय. आज लिहायचंय ते मेशिंगच्या आधीच्या कामाबद्दल, म्हणजे पंपाच्या कॅडची (कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी ड्रॉइंगची) फाइल येते ना, तिचे सरफेस साफ करून पाण्याच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनसाठी तयार करायचे, ते. आमच्या फील्डमध्ये याला कोणी मान देत नाही. "क्लीनअप झालं का?" असं विचारतात, जसं काही फरशी पुसायची आहे. मला आता पक्कं वाटतं की पंपाचं अर्धं उत्तर या क्लीनअपमध्येच ठरून जातं, सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारा प्रोग्राम, सुरू व्हायच्या आधीच, आणि चुकलं तर कोणी सांगत पण नाही.

पंप साधाच होता. एंड सक्शन सेंट्रिफ्यूगल, इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) २६० मिमीचा, सहा पाती, १४५० आरपीएम, साधारण तासाला १५० घनमीटर पाणी आणि २० मीटर हेड (पंप पाणी जेवढं उंच चढवू शकतो ते). असले पंप आपल्याकडे कुठे नाहीत सांगा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत आहेत, वेकोलिच्या कोळसा खाणीतलं पाणी उपसायला आहेत, बुटीबोरीच्या कारखान्यांत आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण माणसं चांगली होती आणि त्यांनी पूर्ण असेंब्लीची स्टेप फाइल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती) पाठवली, नट-बोल्ट, बेअरिंग, ग्लँड, नेमप्लेट सगळ्यासकट.

आता पहिली गोष्ट, जी नवीन पोरापोरींना समजवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कॅडमध्ये जे आहे ते लोखंड आहे आणि आपल्याला हवंय पाणी. म्हणजे केसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आत, पात्यांच्या मधे, रिंगांच्या फटीत जी मोकळी जागा आहे तिचा एक बंद आकार बनवायचा, सक्शन आणि डिस्चार्जच्या तोंडावर झाकण लावायचं आणि बाहेरचं सगळं फेकून द्यायचं. बोल्टची भोकं, पाय, रिब्ज, कास्टिंगवरचा उठावाचा लोगो, सगळं बाहेरच्या बाजूला असतं, पाण्याला ते लागतच नाही, त्यात वेळ घालवूच नका, सरळ डिलीट. सक्शन आणि डिस्चार्जचा पाइप मात्र पुढे थोडा लांब ओढून घ्या, नाहीतर फिरणारं पाणी नेमकं बाउंडरीवरूनच परत आत यायला लागतं आणि सॉल्व्हर तासन् तास डोलत राहतो.

खरं काम आतल्या बाजूला. स्टेप फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आली की कडा जुळत नाहीत, कुठे केसाएवढी फट पडते, कुठे एकच फेस दोनदा येतो, फिलेट (कोपऱ्याची गोलाई) जिथे संपते तिथे सुईसारखे बारीक तुकडे उरतात. आयजेस, म्हणजे तसलाच जुना प्रकार, अशी फाइल आली तर अजून वैताग, कारण त्यात बहुतेक वेळा सुटे सरफेसच येतात, कोण कोणाला चिकटलंय ते नसतं. मग आपण स्टिच नाहीतर हील असं बटण दाबतो, टॉलरन्स (किती अंतरापर्यंतच्या कडा एकच समजून शिवायच्या) विचारतो तो देतो आणि लाल रेषा गायब होतात, बरं वाटतं.

माझी चूक इथेच झाली. मी टॉलरन्स दिला ०.५ मिमी. फाइल एवढी फाटलेली होती की ०.१ वर निम्म्या कडा उघड्याच राहत होत्या, तीन दिवस हाताने शिवून पण झालं नव्हतं, आणि क्लायंटचा रोज फोन. ०.५ दिलं आणि एका झटक्यात सगळं बंद, वॉटरटाइट. मी खुश. पुढे एसटीएल (त्रिकोणांनी बनलेल्या सरफेसची फाइल) काढली, ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं सरफेसचेक चालवलं, एक पण उघडी कड नाही, त्याचाच मेश बनवणारा स्नॅपी-हेक्स-मेश चाललं, चेकमेशने शेवटी 'मेश ओके' लिहून दिलं. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ७० च्या आत, स्क्यूनेस ४ च्या आत, म्हणजे सेल फार वाकडेतिकडे नाहीत. रिझल्ट आला तर एफिशिअन्सी टेस्ट बेडवर खऱ्या पंपाच्या मोजलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच टक्क्यांनी जास्त, हेड पण वर.

आधी टर्ब्युलन्स मॉडेलवर (पाण्याच्या खळबळीच्या गणितावर) शंका घेतली, एसएसटी होतं, ते बदलून पाहिलं. मग वाय प्लस तपासला, म्हणजे भिंतीजवळचा पहिला सेल जाड की बारीक ते पाहिलं. दोन आठवडे यात गेले. शेवटी एका रात्री पॅराव्ह्यूमध्ये (रिझल्ट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पंपाचा उभा काप घेऊन वेअर रिंगजवळ झूम केला, तर तिथे फटच नव्हती.

वेअर रिंग म्हणजे काय, तर इम्पेलरच्या गळ्याभोवती केसिंगमध्ये एक कडं बसवलेलं असतं आणि दोघांच्या मधे अगदी बारीक मोकळी जागा ठेवतात, या पंपात एका बाजूला ०.२५ मिमी. त्या फटीतून डिस्चार्जकडचं थोडं पाणी परत सक्शनकडे गळतं. आता ७५ मिमी त्रिज्येची एक गोल कड आणि ७५.२५ ची दुसरी, दोघींत अंतर पाव मिलिमीटर आणि मी टॉलरन्स दिला अर्धा, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या दोन्ही एकच समजून शिवून टाकल्या. फटीचं तोंड बंद. आतली जागा वेगळी पडली, आणि स्नॅपीमध्ये आपण जो आतला पॉइंट देतो त्याच्याशी जोडलेलंच पाणी ते ठेवतं, बाकीचं टाकून देतं. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. मेश उलट जास्तच सुंदर झाला, कारण सगळ्यात त्रासदायक जागाच गेली होती.

मग कागद-पेन घेऊन हिशोब केला, जो आधीच करायला हवा होता. फटीचा घेर साधारण ४७१ मिमी, गुणिले ०.२५, म्हणजे जवळपास ११८ चौरस मिमी. फटीच्या दोन बाजूंत धरा १४ मीटरचा प्रेशरचा फरक, फटीतलं घर्षण वगैरे धरून वेग निम्मा केला तरी सेकंदाला ८ मीटरच्या वर. तासाला साडेतीन घनमीटर पाणी. या इम्पेलरला मागे पण रिंग आणि बॅलन्स होल (दाब सारखा करायची भोकं) आहेत, म्हणजे दोन्ही मिळून सात. १५० मधले सात! साडेचार टक्के पाणी गोल गोल फिरतंय, मोटर त्याला ढकलतेय आणि बाहेर काहीच जात नाही. माझी वाढीव एफिशिअन्सी जवळपास सगळी तिथेच होती.

तेव्हापासून माझा एक नियम, फाइल उघडली की आधी सगळ्यात लहान खरी फट शोधायची आणि स्टिचचा टॉलरन्स तिच्या पाचव्या हिश्श्याच्या वर कधीच न्यायचा नाही. ०.२५ असेल तर ०.०५. त्यात जे उघडं राहील ते हाताने शिवायचं, तीन दिवस लागले तर लागले.

बरं, फट ठेवली तरी तिचा मेश कसा करायचा? आडवे पाच सेल हवे तर ०.०५ मिमीचे सेल, आणि स्नॅपीचे सेल सगळीकडून सारखे असतात, म्हणजे २० मिमी लांबीच्या एका रिंगला जवळपास १ कोटी ९० लाख सेल. माझ्या ३२ जीबीच्या मशीनवर होतच नाही ते. म्हणून मी रिंगच्या फटीचा तुकडा वेगळा काढला, ब्लॉकमेशने (ओपनफोमचाच साधा मेश बनवणारा प्रोग्राम) त्याला घेराभोवती ३६०, लांबीत ६०, आडवे ८ असे लांबोडे सेल दिले, पावणेदोन लाखांत काम झालं, आणि दोन्ही टोकांना एएमआय इंटरफेसने (न जुळणारे दोन मेश जोडायच्या सोयीने) बाकीच्या पाण्याला जोडला. म्हणजे सरफेस कुठे तोडायचे हे पण क्लीनअपच्या वेळीच ठरवावं लागतं, नंतर सुचलं तर सगळं परत.

इंटरफेसवरून अजून एक. इम्पेलरचं फिरणारं पाणी आणि व्होल्यूटचं (केसिंगच्या शंखासारख्या भागाचं) थांबलेलं पाणी यांच्यामधे एक गोल पृष्ठभाग लागतो. माझ्या पंपात इम्पेलरची त्रिज्या १३०, टंगचं (व्होल्यूटच्या आतल्या जिभेचं) टोक १४० वर, म्हणून मी तो १३५ वर घेतला. एसटीएल काढताना तो वर्तुळ राहत नाही, बहुभुज होतो. ३६ बाजूंचा झाला तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर तो खऱ्या गोलापासून अर्धा मिलिमीटर आत दबतो. अर्धा! म्हणजे वेअर रिंगच्या फटीच्या दुप्पट. १८० बाजू केल्या की हेच ०.०२ वर येतं. आणि दोन्ही बाजूंसाठी हा सरफेस एकदाच काढा आणि तोच वापरा, वेगवेगळा काढला तर दोन्हीचे कोपरे जुळत नाहीत. एसटीएलमध्ये युनिट नसतं हे पण विसरू नका, मिलिमीटरची फाइल मीटर समजून घेतली की २६० मीटरचा इम्पेलर तयार होतो.

टंगच्या टोकाला मात्र हात लावू नका. ते गोल असतं, छोटं असतं, सॉफ्टवेअर सारखं म्हणत राहतं की ही फिलेट काढून टाक म्हणून, पण पाणी तिथेच दोन भागांत फाटतं. तसंच पात्याचं पुढचं टोक. पात्याच्या मुळाशी हबवर जी बारीक फिलेट असते ती मी कधी कधी काढते, मोठी असेल तर ठेवते, कारण मोठी फिलेट पाण्याची वाट खरोखर अरुंद करते.

पात्याच्या मागच्या टोकाचा किस्सा वेगळाच आहे. कॅडमध्ये ते ४ मिमी जाड, सरळ कापलेलं. मी पण तसंच ठेवलं होतं, चार सेल बसतात, छान. पण फटी घातल्यावर आता हेड उलट थोडं कमी यायला लागलं, म्हणून एक दिवस सकाळीच तर्री पोहे खाऊन हिंगणा एमआयडीसीत फाउंड्रीत गेले. तिथल्या पॅटर्नच्या (साच्याच्या) काकांना विचारलं, "काका, टोक ड्रॉइंगमध्ये तर ४ मिमी आहे ना?"

ते म्हणाले, "ड्रॉइंग तं लय जुनं हाये पोरी. पॅटर्न तवापासून दोनदा बदलला. आन् टोकाले आम्ही कानस मारल्याबिगर इम्पेलर देतच नाई न."

व्हर्निअर लावला तर कुठे २, कुठे सव्वादोन. पात्याच्या मागच्या, पोकळ बाजूने घासलेलं. असं घासलं की बाहेर पडायची वाट रुंद होते आणि हेड थोडं वाढतं, हे पंपवाले फार पूर्वीपासून करत आलेत, मी पुस्तकात वाचलं पण होतं, पण आपल्या फाइलशी त्याचा संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं. काकांनी सहाही पाती मला मोजू दिली, चहा पाजला आणि कानस कशी तिरपी धरायची ते करून दाखवलं. घरी येऊन टोकं तशी कापली, सरासरी २.१ धरून. हेड टेस्टच्या अगदी जवळ आलं, एफिशिअन्सी दीड टक्क्याच्या आत. पाण्याचा प्रवाह अगदी कमी असताना अजून जुळत नाही, तिथे इम्पेलर गोठवून धरणारी एमआरएफची पद्धत कमी पडते असं मला वाटतं, स्लाइडिंग मेश (इम्पेलरचा मेश खरोखर फिरवणारी पद्धत) लावून बघायचंय.

त्याच लोकांनी काल दुसऱ्या पंपाची फाइल पाठवली, यावेळी स्टेपसोबत रिंगांचे आकडे पण आहेत, ०.३ मिमी लिहिलंय. नवीन पंपाचे आहेत की चालून झिजलेल्या पंपाचे, ते लिहिलेलं नाही. उद्या ऊन चढायच्या आत हिंगण्याला जाऊन येते, व्हर्निअरसोबत यावेळी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पण बॅगेत टाकलाय.