वाचता येईल असा लूप

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात थकबाकीची पत्रं कुणाला पाठवायची, याचे नियम सारखे बदलतात. हिशेब बघणाऱ्या काकूंनाच ते लिहिता यावेत म्हणून मी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा करायला घेतली. आकडेमोड, नावं वगैरे भराभर झालं. घोडं अडलं ते लूपपाशी, म्हणजे यादीतल्या एकेका गोष्टीवर तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगण्यापाशी.

पहिला आराखडा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या धर्तीवर होता. यादीतून यादी काढायची ही सोय पायथनमध्ये २००० साली, २.० आवृत्तीत आली. माझं रूप असं:

[बिल.ग्राहक प्रत्येक बिल मध्ये बिले जर बिल.बाकी > ५०००]

छापून काकूंपुढे ठेवलं, मोठ्यानं वाचायला सांगितलं. पहिल्याच शब्दाला त्या थबकल्या. "अरे, कुठलं बिल? ते आधी सांग की." नाव आधी वापरायचं आणि ते कुठून आलं ते मागाहून सांगायचं, हीच खोड डेटाबेसमधून माहिती मागवायच्या एसक्यूएल या भाषेत आहे, तिथे सिलेक्ट (काय हवं) आधी, फ्रॉम (कुठून) नंतर. २००७ साली सी शार्प या भाषेत 'लिंक' ही अशीच माहिती मागवायची, म्हणजे क्वेरीची सोय आली, तिच्यात मात्र फ्रॉम पुढे आणलाय. यादी कळल्याशिवाय प्रोग्राम लिहायचा एडिटर तरी तिच्यातले रकाने कसे सुचवणार? काकूंची अडचण तीच.

मग सरळ मराठी वाक्यच करून पाहिलं: 'बिलांमधल्या ज्या बिलाची बाकी ५००० पेक्षा जास्त आहे, त्याचं पत्र काढ.' ऐकायला झकास, पण पार्सरचे, म्हणजे लिहिलेलं वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामचे हाल. यादीचं नाव 'बिले', वाक्यात झालं 'बिलांमधल्या'. 'बिल'चं झालं 'बिलाची'. सामान्यरूपं ओळखणारा पार्सर लिहिताही येईल, पण उद्या काकूंनी यादीला 'जुनी_खाती_२' असं नाव दिलं तर? शिवाय वाक्यासारखी भाषा वाचायला सोपी असली तरी लिहिताना नेमका कुठला शब्द चालतो ते पाठच करावं लागतं. कोबोल ही इंग्रजी वाक्यांसारखी जुनी भाषा लिहिणाऱ्यांना विचारा.

शेवटी वाक्याचा नाद सोडला आणि फॉर्मसारखी मांडणी केली:

यादी: बिले
एकेक: बिल
घ्या: बिल.बाकी > ५०००
वगळा: बिल.वाद_चालू
काम: पत्र_काढ(बिल)

नावाला काही चिकटत नाही, वरून खाली वाचत गेलं की प्रत्येक नाव वापरण्याआधी भेटलेलं असतं. 'घ्या'च्या दोन ओळी असल्या तर दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. 'किंवा' हवं असेल तर ते एकाच ओळीत.

अटींच्या या ओळींत आधी 'गाळा' असं लिहिलं होतं. पण चहा गाळला की खाली येतं ते आपण घेतो, आणि यादीतली नावं गाळली म्हणजे ती काढून टाकतो. इंग्रजीतल्या फिल्टरचा गोंधळही हाच. रुबी या भाषेत सिलेक्ट (घ्या) आणि रिजेक्ट (वगळा) असे दोन वेगळे शब्द आहेत, तीच वाट धरली.

काकूंचा खरा मार्मिक प्रश्न पुढचा: "एक बिल अटीत बसलं नाही, तर हा पुढची बघतो की तिथेच सोडतो?" स्विफ्ट या भाषेत फॉर लूपला जोडलेला व्हेअर अटीत न बसणारं सोडून पुढे जातो, व्हाइलची अट खोटी ठरली की लूपच संपतो. दोन्हींत 'जोपर्यंत'सारखा शब्द वापरला असता तर कुणालाच पत्ता लागला नसता. म्हणून 'घ्या' आणि 'वगळा' नेहमी पुढे जातात. थांबायचं असेल तर 'थांबा:' ही वेगळी ओळ. तारखेप्रमाणे लावलेल्या यादीत ती फार उपयोगी पडते.

तारखांच्या बाबतीत वाद नव्हताच. रस्ट या भाषेत १..३१ लिहिलं तर ३१ धरत नाहीत, १..=३१ लिहावं लागतं. आमच्याकडे '१ ते ३१' म्हणजे ३१ धरूनच. वह्यांत तसंच चालत आलंय.

राहिला लूपमधला लूप: प्रत्येक ग्राहक, त्याचं प्रत्येक बिल. 'काम'च्या खाली आत सरकवून दुसरी 'यादी' लिहिता येते. तिसरी पातळी मी बंद ठेवलीय. तिथे भाषा सांगते, 'आतली यादी वेगळ्या नियमात लिहा'. काकूंची तक्रार नाही. कारखान्यातले आमचे प्रोग्रामर मात्र कुरकुरतात.