तुम्ही विचारलंत म्हणून: उसवू का, की चालेल?

विणकाम शिकवते म्हटल्यावर लोक नवेनवे नमुने विचारत असतील असं वाटेल. पण खरं तर सगळ्यांत जास्त विचारला जातो तो एकच प्रश्न. अर्धा विणलेला स्वेटर पुढ्यात धरायचा, चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, "उसवू का, की चालेल?" हल्ली हातात स्वेटर नसतानाही विचारतात. कुणाचा प्रबंध अडलेला असतो, कुणाचा जोडधंदा.

मी उलट विचारते, चूक पडली तिथेच बसून आहे, की दर ओळीबरोबर वाढतेय?

तीस ओळी खाली सुलट्याच्या जागी एक उलटा टाका पडलाय. शिकाऊ माणसाला वाटतं, गेल्या तीस ओळी! तर तसं नसतं. त्याच्या बरोबर वरचा एकच टाका सुईवरून सोडायचा, शिडीसारखा खाली घसरू द्यायचा आणि चूक गाठली की क्रोशाच्या सुईने पायरी पायरी वर उचलत आणायचा. शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. प्रबंधातलं एक प्रकरण लंगडं असेल तर तो हा उलटा टाका. मूळ प्रश्नच चुकीचा धरला असेल, तर मात्र नवं पान लिहाल तेवढी चूक वाढते.

मापाची चूक या दुसऱ्या जातीची. माझंच सांगते. घेर १०० सेंमी हवा होता. नमुन्यात १० सेंमीला २० टाके दिले होते, म्हणून गोल सुईवर २०० टाके घातले. आधी छोटा तुकडा विणून मोजायचा कंटाळा केला. माझा हात घट्ट, १० सेंमीत २२ टाके बसत होते. म्हणजे घेर जेमतेम ९१ सेंमी. वीतभर विणल्यावर संशय आला, तर मी काय करावं? मोठी सुई घेतली. मग काखेकडे टाके वाढवले. मग "धुतल्यावर सैल होईल" अशी समजूत घातली, स्वतःचीच. एकेक उपाय तसा शहाणपणाचा होता, आणि एकेक उपायाने उसवायचा ऐवज वाढत होता. स्वेटर झाला खाली आवळलेला, वर ढगळ.

पिसाच्या मनोऱ्याचंही असंच झालं. ११७३ साली काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत तो कलायला लागला, कारण खालची जमीन मऊ. जवळजवळ शंभर वर्षांनी काम पुन्हा हाती घेणाऱ्यांनी वरचे मजले खचलेल्या बाजूला जरा उंच बांधले. मनोरा सरळ व्हायचा राहिला, वर उलट बाक आला. १९९० मध्ये तो लोकांना बंद करावा लागला. अखेर लागू पडला तो पायाखालचा उपाय. उंच राहिलेल्या बाजूची माती हळूहळू काढली, कल सुमारे ४५ सेंमीने कमी झाला आणि २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला.

विणकामातही असं खालून शिरता येतं, फार कमी जणींना ठाऊक असतं. नुसता खालचा काठ आवळलाय? काठाच्या वरच्या ओळीतला एक टाका कात्रीने कापायचा, ती ओळ ओढून काढायची, मोकळे झालेले टाके सुईवर घ्यायचे आणि काठ खालच्या दिशेने नव्याने विणायचा. कात्री लावताना पोटात गोळा येतो, पण वरचं अंग शाबूत राहतं. माझ्या स्वेटरचं अंगच चुकलं होतं, तिथे हे चालणार नव्हतं.

"पण इतके दिवस घातलेत हो!" घातलेत खरे. न उसवल्याने ते परत येतात थोडेच? लोकर मात्र येते. लड करून कोमट पाण्यात भिजवून टांगली की तिचे वळसे निघून जातात. मोहेअरसारखी केसाळ लोकर अपवाद, ती एकमेकींत अडकून बसते आणि ओढाल तर तुटते. तिच्या बाबतीत सगळी मोजामोजी आधीच उरकावी. आणि रात्री दमून, वैतागून काहीही उसवायला घेऊ नका. सकाळी बघा.

मी सकाळीच उसवला. आता दर वीतभर विणून झालं की एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवते. बिघडलंच तर तिथपर्यंतच उसवतं, टाके पुढे पळत नाहीत. दुसऱ्या वेळी विणताना त्या दोऱ्यापर्यंत दोनदा परत आले.