रेगरचा ‘रिक्विएम’ ऐकताना आवाज कुठे ठेवायचा

जर्मन संगीतकार माक्स रेगरचा ‘रिक्विएम’ (ओपस १४४ बी), म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ गायक समूह, एकल गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी केलेली रचना, लावताना सुरुवातीच्या आवाजावर व्हॉल्यूम जुळवू नका. आधी मधला वादळाचा भाग लावा, तो सहन होईल इतपत आवाज ठेवा आणि मग पहिल्यापासून ऐका. सुरुवात अगदीच हळू वाटेल. ती तशीच आहे.

या सुरुवातीत तळाशी ‘डी’ हा एकच स्वर धरलेला असतो आणि वरच्या स्वरसंगती त्याच्याशी झगडत सरकत राहतात. तंबोऱ्यासारखा हा स्वर विसावा देत नाही, तो ओझ्यासारखा खाली ओढतो. या ‘डी’ची कंपनसंख्या ७३ हर्ट्झच्या आसपास, त्याच्या खालच्या सप्तकातल्या ‘डी’ची ३७ हर्ट्झच्या. लॅपटॉपचे किंवा छोटे स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत. मग गायक समूहाचा आवाज अधांतरी वाटतो आणि ही रचना नुसतीच संथ, दिशाहीन भासते. कानावर नीट बसणारे बंद हेडफोन घेतले तरी बराच फरक पडतो.

उलटी चूकही होते. ब्राम्सच्या ‘जर्मन रिक्विएम’च्या तिसऱ्या भागातही असाच लांबलचक ‘डी’ आहे. १८६७ साली व्हिएन्नात पहिले तीन भाग सादर झाले, तेव्हा टिंपनी (नगाऱ्यासारखं वाद्य) इतक्या जोरात वाजली की बाकी सारं बुडालं. खालचा स्वर जाणवायला हवा, पण त्याने शब्द झाकता कामा नयेत.

ऑर्फेओ या कंपनीच्या ध्वनिमुद्रणात बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुषस्वर) डिट्रिश फिशर-डिस्काऊ गातो, हॅम्बुर्गच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं संचालन गेर्ड आल्ब्रेख्टचं आहे. ‘रिक्विएम’बरोबर ‘आन डी होफनुंग’ (१९१२), ‘हिम्नुस डेअर लीबे’ (१९१४) आणि ‘डेअर आइनझीडलर’ (१९१५) या रचनाही आहेत. रेगर ११ मे १९१६ला, वयाच्या ४३व्या वर्षी गेला. ‘आइनझीडलर’ आणि ‘रिक्विएम’ त्यानंतर दोन महिन्यांनी, १६ जुलैला हायडेलबर्गमध्ये त्याच्या स्मृत्यर्थ झालेल्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायले गेले. रेगर म्हणजे ऑर्गन, असं समीकरण झाल्यामुळे हे काम अजूनही फार थोड्यांच्या कानावर पडतं. मला याची मनापासून खंत वाटते.

रेगर हस्तलिखितात स्वर काळ्या शाईने आणि आवाजाच्या चढउताराच्या खुणा लाल शाईने लिही. या खुणा जागोजागी असतात. त्या सगळ्या सरसकट ‘मध्यम’ करून गायल्या तर उरतो तो फक्त दाट स्वरांचा थर. ध्वनिमुद्रणातही तीच गत. माइक समूहापासून फार लांब असले की चर्चचा घुमारा मिसळतो. मोझार्टला तो शोभून जातो, कारण तिथे एक स्वरसंगती निवांत टिकते. रेगरच्या संगती ठोक्यागणिक बदलतात. आधीची विरायच्या आत पुढची येते आणि सगळं चिखल होऊन जातं.

गाणाऱ्यांसमोरच्या अडचणी वेगळ्या. अर्ध्या स्वराने उतरत जाणाऱ्या ओळी, त्याही हळू आवाजात, म्हणजे सूर खाली घसरणारच. खाली तो ‘डी’ पक्का असल्यामुळे ही घसरण लपत नाही. दुसरी अडचण ‘रिक्विएम’चे शब्द ज्या कवितेचे आहेत, त्या जर्मन कवी हेबेलच्या कवितेत तीनदा येणाऱ्या विनवणीची: ‘झेले, फेरगिस झी निश्त’, म्हणजे ‘हे जीवा, त्यांना विसरू नकोस’. ‘त्यांना’ म्हणजे मृतांना. ‘फेरगिस’च्या शेवटचा ‘स’ प्रत्येकाने आपापल्या वेळी सोडला की सुस्कारा पसरल्यासारखा आवाज होतो. तो ‘स’ सगळ्यांनी एकत्र आणि अगदी थोडकाच सोडायला हवा. शेवटाकडे ‘ओ हाउप्ट फोल ब्लूट उंट वुंडेन’ या चर्चमधल्या प्रार्थनागीताची जुनी चाल येते. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये ती ऐकलेली असेल, तर तिथे आपसूक कान टवकारतील.

‘रिक्विएम’मधला एकल आवाज आल्टो (खालच्या पट्टीचा स्त्रीस्वर) किंवा बॅरिटोन, कोणताही चालतो. आल्टो असेल तर तो समूहातल्या स्त्रीस्वरांच्या जवळ राहतो आणि विनवणी समूहातूनच उमटल्यासारखी वाटते. बॅरिटोन वेगळा उभा राहून बोलतो. फिशर-डिस्काऊ त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यात होता. वरच्या स्वरांत थोडा खरखरीतपणा आहे, पण प्रत्येक शब्द कळतो आणि या कवितेला तेच हवं. ‘आन डी होफनुंग’ मात्र मुळात आल्टोसाठी लिहिलेली, होल्डरलिनच्या कवितेवरची रचना. ती पुरुषस्वरात एक सप्तक खाली आली की चेलो आणि बसून या खालच्या सुरांच्या वाद्यांच्या पट्टीत अडकते आणि तिच्यातला उजेड कमी होतो. ती आल्टोकडूनच ऐकावी. ‘हिम्नुस’ची कविता मला भारदस्त शब्दांच्या ओझ्याखाली दबलेली वाटते.

‘आइनझीडलर’ आधी ऐकून मग ‘रिक्विएम’कडे वळावं. दोन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही. आइखेनडॉर्फच्या कवितेत एक थकलेला संन्यासी रात्रीला बोलावतो, पाच स्वरांत विभागलेला समूह त्याच्याभोवती उभा असतो. इथे आवाज वाढवायचा मोह होईल. तो टाळा आणि ‘रिक्विएम’साठी जुळवलेलाच व्हॉल्यूम कायम ठेवा.