शालूचा लाल कुठे गेला

दारव्ह्याला माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे अल्बम हेच मुख्य काम. मागच्या मे महिन्यातली गोष्ट, ऊन असं की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हता, अन् अशात एक काकू गावाहून एसटीनं आल्या. एका हातात आठ दिवसांपूर्वी मी दिलेला पोरीच्या लग्नाचा अल्बम अन् दुसऱ्या हातात पन्नी. पन्नीतून त्यांनी शालूतलाच शिवलेला ब्लाउज काढला अन् उघड्या पानावर ठेवला. "पाय बरं भाऊ, हा शालू आमच्या पोरीचा नोहे. तो लाल भडक होता, हे त इटेवानी दिसून राह्यलं."

मी म्हटलं काकू, ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो, म्हणून दोन्ही घेऊन बाहेर सावलीत गेलो. बाहेर तर जास्तच कळलं. ब्लाउज ओल्या कुंकवासारखा अन् पानावरचा शालू मळकट, नवरीच्या तोंडावरचं तेजही उतरलेलं. पण चार पानं मागे सप्तपदीच्या फोटोत तोच शालू एकदम बरोबर! एकाच अल्बममध्ये एकाच कपड्याचे दोन रंग, अन् देताना मी नुसती बाइंडिंग पाहून दिला होता. फार लागलं मनाला, कारण तो शालू त्यांनी कापसाच्या पैशातून घेतलाय हे मला खरेदीच्या वेळेपासून माहीत होतं.

नागपूरच्या लॅबला फोन लावला. ते म्हणाले फाइल जशी आली तशी मारली, आम्ही रंगाला हात लावत नाही. अन् एकाच दिवशी एकाच मशीनवर छापलेल्या शीटपैकी चारच खराब निघाल्या म्हटल्यावर मशीनला दोष देता येत नव्हता.

काकूंना चार वाजताच्या गाडीत बसवून दिलं अन् फाइली उघडल्या. डोकं फिरवणारी गोष्ट ही की मॉनिटरवर सगळ्या शीट सारख्याच लाल दिसून राहिल्या होत्या. बरं, त्या चार शीटवर माझ्या कॅमेऱ्याचेही फोटो होते, तेही फिके छापलेले, अन् त्याच कॅमेऱ्याचे बाकी शीटवरचे मस्त. म्हणजे कॅमेराही नाही. रात्री अकरापर्यंत एकेक लेयर, म्हणजे शीटवर एकावर एक ठेवलेले फोटो, तपासत बसलो तेव्हा दिसलं की चारही शीटमध्ये सगळ्यात खाली जो पानभर फोटो आहे त्याच्या फाइलच्या नावाआधी अंडरस्कोर आहे.

त्या लग्नात गर्दी होती म्हणून दुसरा कॅमेरावाला रोजानं लावला होता, त्याचे फोटो ते. कॅमेऱ्यात कलर स्पेस, म्हणजे रंगाचे आकडे लिहायचं माप, ॲडोबी आरजीबी ठेवली की नावाआधी अंडरस्कोर लागतो. माझा कॅमेरा एसआरजीबी या दुसऱ्या मापावर असतो. अन् मी शीट कशी बनवतो, तर एक मोठा फोटो उघडतो, त्यालाच 12 बाय 36 इंच करतो अन् बाकीचे त्यावर ओढतो. म्हणजे खालच्या फोटोचं प्रोफाइल (फाइल कोणत्या मापाची ते सांगणारी चिठ्ठी) तेच अख्ख्या शीटचं, वरचे माझे फोटोही त्यातच बदलून बसले.

एसआरजीबी 1996 ची, एचपी अन् मायक्रोसॉफ्टची, ॲडोबी आरजीबी 1998 ची, तिच्यात रंग जास्त मावतात. फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात, अन् ते कोणत्या मापाचे हे प्रोफाइल सांगतं. जो शुद्ध लाल एसआरजीबीत 255 लिहितात तोच ॲडोबी आरजीबीत 219 होतो. फोटोशॉप प्रोफाइल वाचतो म्हणून मला दोन्ही सारखे दिसले. लॅबचं सॉफ्टवेअर येईल ती फाइल एसआरजीबीच धरतं (हे त्यांच्या ऑपरेटरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं), त्यानं 219 हे एसआरजीबीचेच 219 समजून छापले, झाला शालू इटेवानी.

खात्री करायला एका शीटला असाइन प्रोफाइलमधून एसआरजीबी लावलं, तर स्क्रीनवर हुबेहूब तोच मळकट रंग आला जो काकूंनी दाखवला होता! अंगावर काटा आला माझ्या. असाइननं आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो. लगेच अनडू करून कन्व्हर्ट टू प्रोफाइल केलं, त्यात उलट, दिसणं तेच राहतं अन् आकडे बदलतात. लॅबला हेच पाहिजे होतं. बरेच जण दोन्ही एकच समजतात, मीही इतकी वर्षं तेच समजत होतो.

शीट पाठीला पाठ चिकटवलेल्या असतात, चारच बदलता येत नाहीत, म्हणून अख्खा अल्बम परत छापला, माझ्या खर्चानं. पण आधी त्या चार शीटचा छोटा प्रिंट मागवला अन् दिवसाच्या उजेडात पाहिला.

काकू परत आल्या त्या ब्लाउज घेऊनच. दुकानात बसल्याच नाहीत, सरळ अल्बम उचलून दारात उजेडात गेल्या, पान उघडलं, ब्लाउज शालूला लावला, हातानं सुरकुती सारखी केली अन् बराच वेळ पाहत राहिल्या.

"हाव," म्हणाल्या, "हा आमचा." मग पाणी मागितलं.