नवेगाव बांध : वाघाच्या नादात पाळ चुकवू नका

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं नवेगाव बांधला (गोंदिया जिल्ह्यातला मोठा तलाव, शेजारी व्याघ्र प्रकल्प) जाऊन आलो. मी, आई, बाबा आणि भावाची आठ वर्षांची मुलगी. नागपूरहून निघालो. जायच्या आधी ज्याला त्याला विचारलं तर सगळे एकच सांगत होते, सफारी बुक कर, वाघ दिसला तर नशीब. तलावाबद्दल कोणी काही बोललंच नाही, फार तर "बोटिंग आहे तिथे" एवढं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण आमचे दोन्ही दिवस खरं म्हणजे तलावाच्या पाळीवरच, म्हणजे मातीच्या बांधावरच गेले आणि पुन्हा गेले तरी तसेच घालवीन.

आधी रस्ता. नागपूर, भंडारा, लाखनी, साकोली आणि मग कोहमारा. कोहमाऱ्याला हायवे सोडायचा आणि उजवीकडे अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला लागायचं, तिथून अर्ध्या-पाऊण तासात नवेगाव बांध येतं. एकूण साधारण १४० किमी, चहा-नाश्ता धरून तीन-साडेतीन तास. पेट्रोल साकोली किंवा कोहमाऱ्यालाच भरून घ्या आणि कॅशही जवळ ठेवा, कारण तलावाच्या बाजूला आमच्या फोनला रेंज येत-जात होती आणि यूपीआय दोनदा अडकलं. रेल्वेने यायचं असेल तर गोंदिया-बल्लारशा लाईनवर देवलगाव स्टेशन अगदी जवळ पडतं, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, वेळ आधी बघूनच निघा. साकोलीच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांत) लाखोरी म्हणजे लाखाची डाळ फुललेली होती, निळी-जांभळी बारीक फुलं, तिथे पाच मिनिटं गाडी थांबवाच. धान कापायच्या आधीच त्यात लाखोरी फेकून देतात, उरलेल्या ओलीवर ती येते, वेगळं पाणी लागत नाही. बाबांचं लहानपण लाखनीकडे गेलेलं, त्यामुळे हे सगळं ते गाडीत सांगत होते आणि आम्ही ऐकत होतो.

आता तलाव. हा निसर्गतः झालेला तलाव नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांधला असं इथे सांगतात. भोवताली डोंगर, त्यांना सात बहिणी म्हणतात, आणि डोंगरांच्या मधली मोकळी जागा मातीची पाळ घालून बंद केली, बास, एवढंच. सिमेंट नाही काँक्रीट नाही, माती आणि दगड, आणि त्यामागे दहा-अकरा चौरस किलोमीटर पाणी. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देवच केलं, कोलासूर म्हणून तलावाजवळ ठाणं आहे. आम्ही गेलो तेव्हा नुकताच कोणीतरी नारळ फोडलेला होता. तीनशे वर्षांनंतर तलाव बांधणाऱ्या माणसाला नारळ फोडतात हे बघून मला फार बरं वाटलं.

कोहळी लोक म्हणजे तलाव बांधण्यात तरबेज समाज. गोंड राजांच्या काळात तलाव बांधेल त्याला जमीन मिळायची, त्यामुळे या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात असे सहा-सात हजार तलाव झाले. आपण त्यांना मालगुजारी तलाव म्हणतो. आणि लहान असेल तर बोडी. १९५१ च्या सुमारास मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) गेली आणि तलाव सरकारकडे आले. मग गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी राखायची हा प्रश्न ठिकठिकाणी लोंबकळत राहिला. रस्त्याने येताना दोन-तीन बोड्या दिसल्या, बेशरमाच्या झुडपांनी भरलेल्या, पाणी कुठे आणि काठ कुठे ते कळत नव्हतं. नवेगाव बघताना ते डोक्यात राहूद्या, म्हणजे इथे काय टिकलंय ते नीट कळेल.

पहाटे सहाला पाळीवर गेलो. धुकं एवढं की पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता, अडई बदकांची शिट्टी आणि वारकऱ्यांचा (काळे पक्षी, पांढऱ्या कपाळाचे) कलकलाट. जाळं आवरत एक वयस्कर ढीवर (मासेमारी करणारा समाज) मामा काठाला बसले होते, त्यांनी आमच्या पोरीला बोलावून सांगितलं, "पाळीवरूनच जा जी बाई, खाली पाण्यापाशी जासान त सारे पाखरं उडून जातीन." आणि खरंच तसंच आहे. पाळ उंच असल्यामुळे वरून सगळं दिसतं आणि पक्ष्यांना आपला त्रास होत नाही, आपण फक्त एका जागी गप्प बसायचं. साडेसातनंतर धुकं विरळ झालं आणि मग एकेक दिसायला लागलं. तलवार बदकं, थापटे, काठाच्या कमळांवर चालणारे कमळपक्षी, छोटी काणूक बदकं जोडीजोडीने, जांभळ्या पाणकोंबड्या तर गवतात कितीतरी. मधल्या वाळक्या फांदीवर एक कैकर (मासे खाणारा शिकारी पक्षी) मासा धरून बसला होता, अर्धा तास जागचा हलला नाही. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मात्र नाही दिसले. मामा म्हणाले की आठवड्यापूर्वी होते.

मला सगळ्यात जास्त जी गोष्ट पटली ती मामांशी बोलताना कळली. तलाव बांधला धानासाठी, पाखरांसाठी नाही. पाणी काढायला पाळीत जी सोय असते तिला इकडे तुडुम म्हणतात, वरून खाली टप्प्याटप्प्याने भोकं असतात, पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. म्हणजे पाणी एकदम जात नाही, हळूहळू उतरतं. आणि जसं उतरतं तसा काठचा चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शिंपले, गवताचं बी, देवधान म्हणजे जंगली भात, आणि नेमकं त्याच महिन्यांत थंडीची बदकं येतात. काठ उथळ आणि उतरता आहे म्हणून एवढे पक्षी आहेत, काँक्रीटची उभी भिंत घातलेल्या तलावात बदकं चरणार कुठे? आपल्याकडे तलाव सुंदर करायचा म्हटलं की पहिले काठाला फरशी आणि रेलिंग येतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. इथे बागेच्या बाजूला थोडं तसं आहे, बाकी काठ अजून कच्चा आहे. तो तसाच राहावा असं मनापासून वाटतं.

बोटिंग दुपारी केलं. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांच्या मापाचं आहे का ते आधी बघा. आम्हाला मिळालेलं पोरीला ढगळ होतं, मग दोरी आवळून बांधली. स्पीडबोटपेक्षा हळू जाणारी बोट असेल ती घ्या आणि बोटवाल्याला सांगा की पक्ष्यांच्या थव्यात नेऊ नका. आमच्या पुढची बोट सरळ बदकांत घातली, सगळा थवा उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हजारो किमी उडून आलेला पक्षी चार घास खायला बसतो आणि दर अर्ध्या तासाने त्याला उठवायचं, हे बरं नाही. आम्ही आमच्या बोटवाल्या दादांना म्हटलं तर ते लगेच म्हणाले, "तुम्ही म्हणान तसं, लोकंच सांगतेत जवळ न्या म्हणून." म्हणजे आपल्याच हातात आहे.

शनिवारी संध्याकाळी आजूबाजूच्या गावातली बरीच माणसं पाळीवर फिरायला आली होती. कॉलेजची मुलं, नवीन लग्न झालेलं जोडपं, भेळ आणि उकडलेले शेंगदाणे विकणाऱ्या काकू. ही त्यांची रोजची जागा आहे आणि ते बघायला फार छान वाटलं. रविवारी दुपारी मात्र डबापार्ट्या येतात, गर्दी आणि स्पीकर, तेव्हा पक्षी बघायचे असतील तर रविवार सकाळी दहाच्या आत आटपा, नाहीतर मधल्या वारी जा. कचऱ्याची पिशवी आपली आपण न्या.

सफारीबद्दल थोडक्यात. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. गेट तलावापासून वेगळं आहे, बुकिंग वनविभागाच्या ऑनलाइन साईटवरून आधी करा. पावसाळ्यात सफारी बंद असते. आम्ही सकाळची एक केली, गवे, चितळ आणि एक अस्वल पाठमोरं दिसलं. थंडीत उघड्या जिप्सीत लहान मूल असेल तर कानटोपी आणि ब्लँकेट दोन्ही घ्या, आम्ही ब्लँकेट विसरलो आणि आईने शाल दिली म्हणून निभावलं.

राहायला तलावाजवळ सोय आहे पण फोनवर खात्री करूनच जा. आम्ही जिथे रूम सांगितली होती तिथे पोहोचल्यावर नाव रजिस्टरमध्ये नव्हतं, दीड तास बसून राहिलो, मग दुसरी खोली मिळाली. लेखी मेसेज जवळ असता तर एवढं झालं नसतं. जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. भात, वरण, वांग्याची भाजी साधी आणि चांगली होती. मासे खात असाल तर मरळ नक्की खा, रस्सा तिखट असतो.

वेळ जास्त असेल तर इथला प्रतापगड (साताऱ्याचा नव्हे) बघा, डोंगरावर महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, पण महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते तेव्हा हा रस्ता टाळा. तिकडेच पुढे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वस्ती आहे. भाऊबीजेनंतर येणार असाल तर गावोगावी मंडई (इकडची जत्रा) असते आणि रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाची नाटकं, तेव्हा पक्षी कमी असतील पण त्यासाठी वेगळं यायला हरकत नाही. पक्ष्यांसाठी मात्र डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य.

ताजी मरळ हवी असेल तर सकाळी आठच्या आत काठावर जा, डोंगे (होड्या) येतात तेव्हाच ढीवरांकडून मिळते, नंतर सगळा माल अर्जुनीच्या बाजारात जातो. पिशवी आणि सुटे पैसे न्या. आम्ही रविवारी साडेआठला गेलो, मामा हसून म्हणाले, "आज उशीर झाला जी, उद्या या." आणि आम्हाला तर दुपारी परत निघायचं होतं.