जपलेली पिकअप कटरखाली जाते तेव्हा

जुनी पिकअप कापायला दोन माणसं, एक गॅस कटर आणि एक हायड्रा क्रेन एवढं पुरतं. सकाळी आणलेली गाडी दुपारच्या जेवणापर्यंत ढिगात गेलेली असते. आधी रेडिएटर निघतो, कारण त्यात तांबं-पितळ. मग बॅटरी, डायनॅमो, सेल्फ. नंतर केबिनचे खांब कापून टप खाली पाडतात, चेसिसचे दोन्ही दांडे केबिनच्या मागे तोडतात आणि शेवटी इंजिनाच्या ब्लॉकवर घण पडतो, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडून वेगळ्या भावानं जातं. पत्र्याची चाळण झालेल्या गाडीचं असं झालं तर वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण दार एका बोटानं लागतंय, डॅशबोर्डखाली कारखान्याचा रंग शाबूत आहे, मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जागेवर आहे, अशी १९५०च्या आसपासची शेव्हरोले ३१०० त्याच रांगेत उभी दिसली की पोटात गोळा येतो. मुंबईत अशी गाडी उरणं हेच मुळात कठीण.

मुंबईला या गाड्या नवख्या नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ साली इथे शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक जोडायला सुरुवात केली. शिवडीचा तो कारखाना १९५४मध्ये बंद झाला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो जोडले जात. १९४७ ते १९५५ या काळातली शेव्हरोलेची हलकी पिकअप म्हणजे ३१००: ११६ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), सहा व्होल्टची वायरिंग, आणि १९५३पर्यंतच्या गाड्यांना २१६ घनइंचांचं म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचं इंजिन आणि पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. आपल्याकडे बऱ्याच मालगाड्या नुसती चेसिस आणि पुढचा भाग अशा यायच्या, केबिन आणि हौदा इथला बॉडीवाला लाकडात-पत्र्यात बांधायचा. त्यामुळे कारखान्याची पूर्ण पोलादी केबिन आधीच कमी. पुढे पेट्रोल महागलं आणि ज्या गाड्या रोज माल वाहत होत्या त्यांत डिझेल इंजिनं बसली. म्हणजे मूळ केबिन आणि मूळ इंजिन दोन्ही एकाच गाडीत सापडणं हा दुहेरी योग.

त्यात इथली हवा. खारा वारा आणि चार महिने पाऊस. या केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत पत्रा दुहेरी आहे, आत धूळ साठते, पावसात तिचा चिखल होतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. १९४९पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे आली, तिच्याखाली ओल धरते. दारांचा तळ, पायाजवळचा फ्लोअर, पुढच्या मडगार्डच्या मागची फट आणि पायरी या बाकीच्या जागा. गंमत म्हणजे गाडी झाकून ठेवणारे मालकच अनेकदा ती घालवतात: प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की आतली वाफ बाहेर पडत नाही आणि टपाच्या पन्हाळीपासून गंज सुरू होतो. छपराखाली, काचा बोटभर खाली ठेवून, वर सुती कापड टाकलेली गाडी जास्त टिकते. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी केली की दारं वाचतात. एवढं साधं काम कुणीतरी वर्षानुवर्षं केलेलं असतं, म्हणून ती गाडी उरलेली असते.

जपलेली आणि नव्यानं केलेली यांतला फरक ओळखायला लोहचुंबक कापडात गुंडाळून केबिनच्या कोपऱ्यांवर फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पुट्टी आहे. दाराच्या खांबाजवळचे स्पॉट वेल्डचे खळगे नीट मोजून मापून ओळीत दिसले तर पत्रा मूळचा. फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा, रंग आणि बाहेरचा रंग एकच आहे का, सीट उचलल्यावर खाली काय दिसतं, चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ आहेत का, हे पाहा. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा आणि मध्ये लोखंडी पट्ट्या असा असतो. फळ्या बदललेल्या असतील तर काही बिघडत नाही, त्या झिजण्यासाठीच असतात. इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकलेला असतो. तो आरसीशी जुळला तर थांबा आणि पुढचं काहीही करण्याआधी फोटो काढा.

आता पैशाचं गणित, कारण मालकाला तेच सांगितलं जातं. ही गाडी साधारण १,४०० ते १,५०० किलोची. लाकूड, काच, रबर, सीट वजा करून १,२०० किलो लोखंड धरा. किलोला ३० रुपये मिळाले तर ३६,००० रुपये, वर रेडिएटरचं तांबं-पितळ. नुसतं उजव्या हाताचं स्टिअरिंग बॉक्स, मूळ मीटर आणि चांगली जाळी जाणकार माणसाला विकली तरी या आकड्याशी बरोबरी होऊ शकते. अमेरिकेत या पिढीच्या पिकअपचा पत्रा नव्यानं बनतो, केबिनचे कोपरे, फ्लोअर, पायऱ्या सगळं मागवता येतं. पण ते बनतं डाव्या हाताची गाडी धरून. उजव्या हाताचा डॅशबोर्ड, फ्लोअरमधून येणाऱ्या पेडलांची जोडणी आणि स्टिअरिंग बॉक्स कापले गेले की ते दुसऱ्या मेलेल्या गाडीतूनच मिळवायचे.

मग अशी गाडी भंगारात का जाते? गंज किंवा इंजिन हे कारण क्वचित असतं. मुंबईत बहुतेक वेळा जागा जाते. चाळ किंवा सोसायटी पुनर्विकासाला गेली, गिरणीचं आवार किंवा बंदराकडचं गोदाम रिकामं करायची तारीख ठरली, की चाळीस वर्षं एका जागी उभी असलेली गाडी काही आठवड्यांत हलवायची असते. रस्त्यावर आणून ठेवली तर बेवारस म्हणून नोटीस चिकटते आणि उचलून नेतात. त्यात आरसी आजोबांच्या नावावर, वारस चार, आणि सही करायला कुणी तयार नाही. भंगारवाला मात्र रोख घेऊन दारात हजर.

कागदांचा घोळ पिकअपच्या बाबतीत जास्त आहे, आणि माझ्या मते अन्यायाचाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना व्हिंटेज नोंदणी दिली: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, आणि वाहन दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराचं असावं. शेवटच्या शब्दांत पिकअप अडकते. आयुष्यभर माल वाहिला म्हणून तिची नोंद मालवाहू, आणि मालवाहू गाडी या व्याख्येत बसत नाही. डिझेल इंजिन टाकलेलं असेल तर तिथेही अडचण. म्हणजे शेठजींची सेडान वाचते आणि तिच्याच कारखान्यातली, त्याच वयाची कामाची गाडी कटरखाली जाते.

तरी वाट आहे. आरसीवर वर्ग मालवाहू आहे की खासगी, हे आधी पाहा. मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या, बाकी वारसांची ना-हरकत आधी जमवा. जुन्या कागदी आरसीची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत अनेकदा नसते, मग आरटीओत आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, करावी लागते. त्यानंतर मालवाहूचं खासगी करण्याचा अर्ज, आणि मग फॉर्म २० भरून व्हिंटेजसाठी. क्रम उलटा केला तर अर्ज परत येतो. सरकारी खात्याची किंवा महामंडळाची गाडी असेल तर मार्ग अरुंद आहे: एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही.

गाडी हलवताना होणारं नुकसान कटरइतकंच वाईट असतं. हायड्रावाला सवयीनं साखळी बंपरला किंवा बॉनेटवरून टाकतो, आणि ७० वर्षं सरळ राहिलेलं मडगार्ड दहा सेकंदांत आत जातं. पट्टे दोन्ही अ‍ॅक्सलखालून घ्यायला लावा, मध्ये लाकडी ओंडका ठेवा. चाकं जाम असतील तर ओढू नका. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतात. ड्रमच्या मागच्या फटीतून अ‍ॅडजस्टर सैल करा, ड्रमच्या कडेवर हातोडीनं हलके ठोके द्या. १९५०पर्यंतच्या गाडीला हक (Huck) बनावटीचे आणि १९५१पासून बेंडिक्स बनावटीचे ब्रेक, सामान मागवताना हे वर्ष चुकलं की शू बसत नाहीत. टायरची काळजी नको: ६.००-१६ हे माप जुन्या जीपचंही आहे, त्यामुळे इथे मिळतं.

इंजिन घाईनं फिरवू नका, आणि दुसऱ्या गाडीला बांधून गिअरमध्ये ओढून तर अजिबात नाही. या २१६च्या कनेक्टिंग रॉडमध्ये वेगळे बेअरिंग शेल नसतात, व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. रॉडच्या खालच्या चमच्यांनी पॅनमधल्या पन्हाळीतलं तेल उचलून ते ओलं राहतं. पन्हाळी गाळानं भरलेल्या असताना इंजिन धावलं तर व्हाइट मेटल वितळतं, आणि ते पुन्हा ओतणारे कारागीर आता मोजकेच आहेत. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि हँडलनं हातानं फिरवा. ऑइल पॅन उतरवून धुवा, तेलाचे नोझल मोकळे करा, मगच साडेचार-पावणेपाच लिटर तेल भरा. सुरू झाल्यावर तेलाच्या दाबाचा काटा १५ पौंडांच्या आसपासच राहतो. या इंजिनाचं ते नेहमीचं आहे, घाबरून जाड तेल ओतू नका. बॅटरी सहा व्होल्टचीच लावा. बाराची लावली तर सेल्फ जोरात फिरतो, पण दिवे आणि मीटर जळतात. आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुना पंपाचा पडदा आणि रबरी पाइप फुगतात, ते आधी बदला. फुगलेला पाइप गळतो, आणि टाकी सीटच्या मागे आहे.

उशीर झाला असेल आणि कटर चेसिसला लागलेला असेल, तर गाडी म्हणून ती संपली. नंबर असलेला दांडा तुटला की नोंदणीलाही अर्थ उरत नाही. तेव्हा भंगारवाल्याशी किलोच्या भावानं बोलू नका, सरळ नग सांगा: उजव्या हाताचं स्टिअरिंग बॉक्स कॉलमसह न कापता, पेडलांचा संच, पूर्ण डॅशबोर्ड मीटरसकट, दारांची हँडलं आणि काचेची यंत्रणा, कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, बेल हाउसिंगसह गिअरबॉक्स. टॉर्क ट्यूब आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्रच घ्या. या गाडीचा शाफ्ट ट्यूबच्या आत बंद असतो, मध्येच कापला तर दोन्ही तुकडे निकामी. ब्लॉक फोडायच्या आत त्यावरच्या ओतीव आकड्यांचे आणि तारखेच्या खुणेचे फोटो घ्या.