शेवट आवडला का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

‘रिटर्न टू मंकी आयलंड’ या कॉम्प्युटर गेमचा शेवट तुम्हाला खरोखर आवडला, की तो करणाऱ्या रॉन गिल्बर्ट यांची पाठराखण करायची म्हणून तसं म्हणता? जुने ॲडव्हेंचर गेम खेळलेलं कुणीही भेटलं की गप्पा फिरून फिरून इथेच येतात. मी म्हणते, पटला. समोरचा म्हणतो, म्हणजे आवडला. मग मी समजावायला लागते, तोवर त्याचं मत झालेलं असतं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी वादाचा मुद्दा समोर असावा म्हणून थोडक्यात. मालिकेचा नायक, समुद्री चाचा गायब्रश, १९९०च्या पहिल्या भागापासून ज्या गुपिताच्या मागे आहे, ते २०२२च्या या भागात अखेर पेटीतून बाहेर येतं आणि तो निघतो एक टी-शर्ट. गुपित सापडलं आणि पदरात पडला फक्त हा भिकार टी-शर्ट, अशा अर्थाचा मजकूर छापलेला. त्याआधी लेचकच्या, म्हणजे त्याच्या कायमच्या वैऱ्याच्या, मागोमाग एका दारातून आत गेलं की आपण येतो पहिल्या भागातल्या त्याच गल्लीत, पण ओळखीची माणसं आता करमणुकीच्या बागेतले पुतळे झालेली असतात. स्टॅन, मालिकेतला तो बडबड्या विक्रेता, बागेच्या किल्ल्या हातात देतो आणि जाताना दिवे बंद कर म्हणतो. आणि ही सगळी कथा गायब्रश बाकावर बसून आपल्या मुलाला सांगत होता.

ज्यांना हे ‘अचानक टाकलेलं’ वाटतं, त्यांच्याशी मात्र मी आजही भांडायला तयार आहे. अचानक कसलं? दुसरा भाग, १९९१चा, कुठे संपतो आठवा. समुद्री चाच्यांचं सगळं जग ओसरतं आणि गायब्रश-लेचकच्या जागी दोन लहान भाऊ करमणुकीच्या बागेत उभे राहतात. त्यातल्या एकाच्या डोळ्यांत विजा चमकतात, आणि तिकडे खड्ड्याच्या काठावर उभी एलेन, गायब्रशची प्रेयसी, विचार करत असते की लेचकने काही मंत्र तर घातला नाही ना. म्हणजे तेव्हाच दोन्ही दारं उघडी ठेवलेली होती. गिल्बर्ट त्यानंतर हे खेळ काढणाऱ्या कंपनीतून बाहेर पडले. १९९७चा तिसरा भाग दुसऱ्यांनी केला आणि त्यांनी ती बाग म्हणजे लेचकचाच डाव होता असं सांगून प्रकरण मिटवलं. तो तिसरा भाग मला मनापासून आवडतो, मरी नावाची ती बोलकी कवटी तिथलीच. पण प्रश्न मिटवला म्हणजे सुटला असं होत नाही. एकतीस वर्षांनी गिल्बर्ट आणि त्यांचे जुने सहकारी डेव्ह ग्रॉसमन परत आले ते थेट त्याच बागेत. नवा भाग त्या दोन मुलांपासूनच सुरू होतो. पहिल्याच प्रसंगात त्यांनी पत्ते उघडे केले होते, आपण बघायचं नाही म्हटलं.

हे झालं ‘पटला’चं. ‘आवडला’चं वेगळं आहे.

त्याआधी चित्रांचा विषय, कारण प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर तिथे आहे. जून २०२२च्या अखेरीस नवा ट्रेलर आला आणि रेक्स क्राउल यांची ती कोनाकोनांची, कागद कापून केल्यासारखी चित्रं बघून लोक गिल्बर्टवर तुटून पडले. खेळावर टीका झाली असती तर काही म्हणणं नव्हतं, पण शिव्या माणसाला दिल्या गेल्या. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की या खेळाबद्दल आता मी काही लिहिणार नाही, लिहिण्यातला आनंद गेला. स्वतःच्या हातातून गेलेली गोष्ट तीस वर्षांनी परत मिळालेला माणूस, आणि खेळ बाहेर यायच्या आधीच त्याची ही अवस्था आपल्यासारख्या, त्याचेच खेळ खेळून मोठ्या झालेल्यांनी केली. मला तेव्हा संताप आला होता आणि तो ओसरलेला नाही. तेव्हा मी पाठराखण करते का? हो, करते. या बाबतीत करणारच.

लोकांचं म्हणणं असं की २०१३ साली गिल्बर्ट यांनीच लिहून ठेवलं होतं, पुढचा ‘मंकी आयलंड’ केला तर जुन्या वळणाच्या ठोकळेदार चित्रांचाच करीन. लिहिलं होतं, खरं आहे. नऊ वर्षांत माणसाचा विचार बदलू नये? आणि ‘मूळ रूप’ म्हणजे नक्की कोणतं? पहिला भाग आधी सोळा रंगांत आला, मग दोनशे छप्पन्न रंगांत. दुसऱ्याची पार्श्वचित्रं स्टीव्ह पर्सेल, पीटर चॅन वगैरे मंडळींनी कागदावर हाताने रंगवली आणि मग स्कॅन करून घेतली. तिसरा कार्टूनपटासारखा. चौथा, २००० सालचा, त्रिमितीय, माऊस काढून की-बोर्ड हातात दिलेला. या मालिकेतले भाग कधीच एकसारखे दिसले नाहीत.

२०२२ मधली मी इथेच थांबायची. चित्रं हा मुद्दाच नाही, म्हणायची. आता मला तसं म्हणवत नाही. दुसऱ्या भागात वुडटिक नावाचं गाव आहे, जुन्या गलबतांचे सांगाडे एकमेकांना बांधून उभारलेलं. त्यातल्या एकेका गलबतात शिरलं की तीच धून चालू राहते पण वाद्य बदलतं, आणि बाहेर आलं की कुठेही न तुटता मूळ चालीवर येते. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी त्यासाठी खास यंत्रणा बांधली होती, आयम्यूज. आम्ही तो खेळ काकांच्या ऑफिसातल्या पीसीवर खेळलो तेव्हा नुसता आतला भोंगा पिपाणीसारखा वाजायचा. पुढे घरी साउंड कार्ड असलेला पीसी आला आणि मी तासन्‌तास त्या गलबतांत नुसती आत-बाहेर करत राहिले, एकही कोडं न सोडवता. नव्या भागातही संगीताला तेच लोक आहेत, जोडीला क्लिंट बजाकियन, आणि काम सुंदर आहे. पण त्या चित्रांत मला असं कुठे रेंगाळावंसं वाटलं नाही. मी पुढे जात राहिले. हा दोष चित्रांचा की माझ्या वयाचा, यावर मी स्वतःशीच अजून भांडते.

आता ते, जे विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे.

दादा आणि मी दुसरा भाग मिळून संपवला. शाळेत होतो, नाशिकला, रविवारी काकांचं ऑफिस बंद असायचं तेव्हा. तो शेवट बघून दादाने एक वही घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. बाग खरी नाही, लेचकचा मंत्र आहे, हे सिद्ध करायला मुद्दे: डोळ्यांतल्या विजा, एलेनचं वाक्य, भुयाराच्या भिंती, लिफ्टने वर आल्यावर लागलेली गल्ली. नकाशे, बाण, लाल पेनाने खुणा. पुढे नोकरी, लग्न, पुण्यात घर झालं तरी ती वही टिकली. गिल्बर्ट वर्षानुवर्षं म्हणत आले की गुपित मला ठाऊक आहे पण सांगणार नाही. दादा त्या वाक्यावर विसंबून होता.

नवा भाग १९ सप्टेंबरला आला. मी महिना व्हायच्या आत संपवला. दादा ट्रेलरच्या वेळीच म्हणाला होता की ही चित्रं बघून मी काही हा खेळ घेणार नाही. मी मागे लागले. दिवाळीला नाशिकला ये, लॅपटॉप टीव्हीला जोडू, माऊस तुझ्या हातात. तो आला. वही घेऊन आला. फराळाच्या ताटल्या आजूबाजूला आणि आम्ही दोघं रात्र रात्र बसलेलो. कठीण पातळी निवडली, हिंट बुकला हात लावायचा नाही अशी त्याची अट. तो हसत होता. मरीच्या जागी तर मोठ्याने हसला, आई आतून विचारायला आली. भाऊबीजेच्या आदल्या रात्री आम्ही शेवटाला आलो.

गल्लीत पोचल्यावर त्याने आधी सगळीकडे माऊस फिरवून बघितला. त्याला वाटलं, अजून एक कोडं आहे. स्टॅनशी बोलला, किल्ल्या मिळाल्या. पुन्हा सगळीकडे माऊस फिरवला. मग पेटी उघडली. मग माऊस सोडून तो मागे टेकून बसला आणि नावांची यादी पूर्ण वर जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, वेगवेगळे शेवट आहेत, दारातून परतही जाता येतं, बघायचं का? तो म्हणाला, झोपतो.

सकाळी भाऊबीज. तो पाटावर बसला, मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठीने ओवाळलं. निरांजन हातात घेतलं तेव्हा त्याने विचारलं,

“तुला माहीत होतं ना?”

“हो.”

“आणि तू माझ्याकडे बघत बसलीस.”

“खेळ बघत होते.”

“नाही. खेळ मी बघत होतो. तू मला बघत होतीस.”

आई म्हणाली, आधी ओवाळून घे गं. मी ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि उठायच्या आधी म्हणाला, “टी-शर्टचं मला काही नाही. त्यांचा खेळ, त्यांनी काहीही ठेवावं पेटीत. पण किल्ल्या मला का दिल्या? दुकान बंद करायचं होतं तर त्यांनी करायचं. ते माझ्याकडून का करून घेतलं?”

तो दुपारी पुण्याला गेला. त्यानंतर बरेच महिने आमचं बोलणं आईच्या औषधांपलीकडे गेलं नाही.

मी त्याला आधी सांगायला हवं होतं का? वहिनीला वाटतं, हवं होतं. मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. शेवट सांगून खेळायला बसवलं असतं तर त्या रात्री तो जसा हसला, तसा हसला असता? आणि मी त्याला बघत होते, हो, बघत होते. शाळेतल्या त्या रविवारीही बघतच होते. माऊस नेहमी त्याच्याच हातात असायचा.

पण किल्ल्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी उत्तरं तयार केली. या प्रकारच्या खेळात दार उघडायचं तर आपणच उघडतो, वस्तू उचलायची तर आपणच उचलतो, मग निरोप तेवढा दुसऱ्याने कसा घ्यायचा? हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दार उघडायला मी पैसे दिले होते, निरोपाला नाही. हे बोलणं चुकीचं आहे असं मला म्हणता येतं, पण खोटं आहे असं म्हणता येत नाही. इतके दिवस धरून ठेवलेली गोष्ट तुमच्याच हाताने खाली ठेवायला लावायची, यात लेखकाचा प्रामाणिकपणा आहे हे मला पटतं. त्यात थोडी निष्ठुरताही आहे. म्हणून मला तो शेवट आवडत नाही.

आणि शेवटाइतकीच मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही. एलेन. पहिल्या भागात गायब्रश तिला सोडवायला समुद्र ओलांडून येतो आणि कळतं की तिने स्वतःची सुटका आधीच करून घेतली आहे, उलट यानेच येऊन तिचा बेत बिघडवला. अशी बाई. नव्या भागात ती बेटाबेटांवर लिंबं पोचवून स्कर्व्ही घालवायचं काम करते, आणि फिरता फिरता तिला दिसत जातं की नवऱ्याने गुपितापायी मागे काय काय नासधूस करून ठेवली आहे. ती त्याला एकेक विचारते. शांतपणे. आणि समजून घेते. लोक म्हणतात, किती प्रगल्भ नातं दाखवलंय. मला वाटतं, तिला एकदा तरी चिडू द्यायला हवं होतं. गुपित शोधणाऱ्याचं वेड तीस वर्षं कौतुकाने दाखवलं, मग त्या वेडाचा हिशेब मागणाऱ्या माणसाला दोन मिनिटं आवाज चढवायची मुभा का नाही? टी-शर्टवर हजारो शब्द लिहिले गेले, यावर कुणी वाद घालत नाही.

परवा दादाचा फोन आला. खेळ त्याने पुन्हा लावला आहे. या वेळी पेटी उघडणार नाही, किल्ल्या खिशात ठेवून दारातून परत आत जाणार, म्हणतो. मी म्हटलं, तोही त्यांनीच लिहिलेला शेवट आहे. तो म्हणाला, लिहिलेला असेल, निवडलेला माझा आहे. मला हे पटलेलं नाही. पाटावर बसून जे विचारलंस त्याचं काय, असं मी त्याला विचारलं आहे, आणि तो म्हणतो, ते वेगळं. कसं वेगळं, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.